लोकसंख्या आणि सार्वजनिक आरोग्याच्या संज्ञा : इंदूरमधील नवागतांसाठी मार्गदर्शक

भूगोल, समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्य यांचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे, तसेच एखाद्या संस्थेतर्फे वस्तीची पाहणी करायला निघालेल्या कार्यकर्त्यांपुढे एक अडचण हमखास उभी राहते. जन्मदर, जननदर, लिंग गुणोत्तर, अर्भक मृत्युदर ही नावे वर्तमानपत्रांतून कानांवर पडलेली असतात, त्यामुळे ती आपल्याला समजली आहेत असे वाटते. पण आपल्या वॉर्डाचा किंवा जिल्ह्याचा अहवाल लिहायला बसल्यावर कोणता आकडा कुठे लावायचा हेच कळेनासे होते. इंदुरातल्या मराठी मुलामुलींना ही अडचण जरा जास्तच जाणवते, कारण घरी मराठी असते, सरकारी तक्ते हिंदीत येतात आणि मूळ अहवाल बहुधा इंग्रजीत असतात. असे अहवाल तयार करण्याच्या कामातून मी गेले आहे आणि पुढे अनेकांना ते करताना पाहिले आहे, म्हणून हा लेख लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक आग्रहाची सूचना करते. व्याख्या पाठ करण्याच्या मागे लागू नका. या विषयातली जवळजवळ प्रत्येक संज्ञा म्हणजे एक भागाकार आहे. वर कोणाला मोजले आणि खाली कोणाला मोजले, म्हणजे अंश कोणता आणि छेद कोणता, हे प्रत्येक वेळी विचारायची सवय लावून घेतली की अर्धा विषय आपोआप उलगडतो. नवख्यांच्या अहवालांत अंश बहुधा बरोबर असतो. घोटाळा होतो तो छेदात.

हाताशी काय हवे

२०११ च्या जनगणनेची इंदूर जिल्ह्याची पुस्तिका जनगणना विभागाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येते. ती पहिली घ्या. तिच्यासोबत नमुना नोंदणी पद्धतीचे, म्हणजे ज्याला सगळे एसआरएस म्हणतात त्याचे, मध्य प्रदेशाचे आकडे आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे जिल्हा पत्रक ठेवा. महापालिकेचा वॉर्डांचा नकाशा, गणकयंत्र किंवा संगणकावरचा साधा तक्ता आणि एक जाड वही एवढे पुरेसे आहे. घरोघरी जायचे असेल तर संस्थेचे ओळखपत्र, परवानगीचे पत्र आणि छापील प्रश्नावली यांच्याशिवाय बाहेर पडू नका. वहीच्या पहिल्या पानावर चार रकाने आखा : संज्ञा, अंश, छेद, आणि स्रोत व वर्ष. पुढचे सगळे काम या रकान्यांतच भरायचे आहे.

१. आधी सीमा ठरवा

‘इंदूरची लोकसंख्या किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. २०११ च्या जनगणनेनुसार इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या ३२,७६,६९७ होती. त्यात महू, देपालपूर आणि सांवेर या भागांतली गावेही आली. महापालिका हद्दीतली लोकसंख्या सुमारे वीस लाख होती, आणि शहराला लागून वाढलेला भाग धरून होणाऱ्या नागरी समूहाची लोकसंख्या साधारण पावणेबावीस लाख होती. तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण एकाचा अंश घेऊन दुसऱ्याचा छेद लावला की उत्तर चुकलेच. जिल्हा रुग्णालयाच्या पत्रकातले रुग्ण घेऊन त्यांना महापालिकेच्या लोकसंख्येने भागणे हा याचा नेहमी दिसणारा नमुना आहे.

वॉर्डाच्या पातळीवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक खाचखळगा आहे. २०११ मध्ये महापालिकेचे ६९ वॉर्ड होते. पुढे २९ गावे हद्दीत आली, फेररचना झाली आणि वॉर्ड ८५ झाले. त्यामुळे जनगणनेच्या पुस्तिकेतला वॉर्ड क्रमांक आणि आजच्या नगरसेवकाच्या फलकावरचा वॉर्ड क्रमांक एकच भाग दाखवीत असेल असे गृहीत धरू नका. दोन्ही नकाशे शेजारी ठेवा, रस्ते आणि वसाहतींची नावे जुळवा आणि मगच आकडा उचला. सुदामा नगर किंवा लोकमान्य नगर अशा वसाहतीच्या नावावरून शोध घेणे क्रमांकावरून शोधण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित.

२. आकडा कोणत्या वाटेने आला ते ओळखा

आपल्याकडे लोकसंख्येची माहिती मुख्यतः तीन वाटांनी येते आणि या तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

पहिली वाट जनगणनेची. ती प्रत्येक माणसाची मोजणी आहे. भारतात एकाच वेळी सर्वत्र झालेली पहिली जनगणना १८८१ ची, आणि तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी ती होत आली. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. पुढच्या जनगणनेसाठी देशाच्या बहुतेक भागांत १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरवण्यात आला आहे. म्हणून आज कोणी इंदूरची ‘सध्याची’ लोकसंख्या सांगितली तर तो अंदाज आहे हे लक्षात ठेवा, आणि अहवालात तसा स्पष्ट उल्लेख करा.

दुसरी वाट नोंदणीची. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे आणि त्यानुसार घटना २१ दिवसांच्या आत नोंदवायची असते. तिसरी वाट नमुना सर्वेक्षणाची. एसआरएस ठरावीक नमुना वस्त्यांमध्ये जन्ममृत्यूंची सतत नोंद ठेवते, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण निवडक कुटुंबांना भेटून आरोग्य, आहार, लसीकरण यांविषयी विचारते. या सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२–९३ मध्ये झाली आणि पाचवी २०१९–२१ मध्ये. ते मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होते.

इथे नोंदणीविषयी जरा थांबून सांगायला हवे, कारण इंदुरात काम करणाऱ्याला सगळ्यात मोठा चकवा इथेच बसतो. आपल्याकडे जन्म किंवा मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदवला जातो, कुटुंब जिथे राहते तिथे नव्हे. महाराजा यशवंतराव रुग्णालयात, ज्याला सगळे एमवाय म्हणतात, धार, झाबुआ, खरगोन, देवास अशा आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. अवघड बाळंतपणे तिकडून इथे पाठवली जातात. झाबुआच्या खेड्यातली बाई इथे बाळंत झाली तर तो जन्म इंदूरच्या नोंदीत जातो, आणि दुर्दैवाने तिचे बाळ इथेच दगावले तर तो मृत्यूही. आता इंदूरमध्ये नोंदवलेल्या जन्मांना इंदूरच्या लोकसंख्येने भागले तर जन्मदर फुगतो, आणि झाबुआचा खोटा उतरतो. मोठी रुग्णालये असलेल्या प्रत्येक शहराचे असेच होते. यावर उपाय एकच : नोंदवहीतला कायमच्या पत्त्याचा रकाना पाहून स्थानिक आणि बाहेरच्या घटना वेगळ्या काढायच्या. ते शक्य नसेल तर ‘नोंदवलेले जन्म’ एवढेच लिहावे; त्याला ‘इंदूरचा जन्मदर’ म्हणू नये.

३. संख्या, घनता आणि वाढ

हा भाग सोपा आहे. घनता म्हणजे लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ. इंदूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ३,८९८ चौरस किलोमीटर. म्हणून २०११ ची घनता चौरस किलोमीटरला ८४१. त्याच जनगणनेत मध्य प्रदेशाची घनता २३६ आणि देशाची ३८२ होती. जिल्ह्याची घनता राजवाड्याच्या गल्लीबोळांना किंवा देपालपूरच्या शेतांना लागू पडत नाही, ती दोघांची सरासरी आहे. शेतीवरचा भार पाहायचा असेल तर छेदात सगळी जमीन न घेता फक्त लागवडीखालची जमीन घेतात. तिला कायिक घनता म्हणतात.

वाढीचे उदाहरण पाहू. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या २४,६५,८२७ होती. दहा वर्षांत ८,१०,८७० माणसे वाढली. या वाढीला २००१ च्या, म्हणजे सुरुवातीच्या, लोकसंख्येने भागायचे, उत्तर ३२.८८ टक्के येते. बरेच जण चुकून २०११ च्या आकड्याने भागतात. तसेच ३२.८८ ला दहाने भागून ‘दरवर्षी ३.२९ टक्के’ असेही लिहू नये, कारण लोकसंख्या चक्रवाढीने वाढते. खरा वार्षिक दर सुमारे २.८८ टक्के येतो.

ही वाढ केवळ जन्मांमुळे झाली असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. लोकसंख्या बदलते ती तीन गोष्टींनी : जन्म, मृत्यू आणि स्थलांतर. जन्म वजा मृत्यू म्हणजे नैसर्गिक वाढ. इंदूरसारख्या शहरात तिसरा घटक फार मोठा आहे.

४. लोकसंख्येची रचना

भारतात लिंग गुणोत्तर म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या. २०११ मध्ये इंदूर जिल्ह्यात १६,९९,६२७ पुरुष आणि १५,७७,०७० स्त्रिया होत्या; गुणोत्तर ९२८. मध्य प्रदेशाचे ९३१, देशाचे ९४३. आंतरराष्ट्रीय पुस्तकांत मात्र हे उलटे, म्हणजे दर शंभर स्त्रियांमागे पुरुष, असे मोजतात. तिथे १०५ हा आकडा दिसला तर तो स्त्रिया जास्त असल्याचे सांगत नाही, हे विसरू नका.

लिंग गुणोत्तराचे तीन प्रकार वेगवेगळे ठेवा : सर्व वयांचे, ० ते ६ वयाचे आणि जन्मवेळचे. शहराच्या एकूण गुणोत्तरावर कामासाठी एकटे आलेल्या पुरुषांचा परिणाम होतो, म्हणून मुलींविषयीचा भेदभाव पाहायचा असेल तर जन्मवेळचे गुणोत्तर पाहावे. कोणताही हस्तक्षेप नसेल तर हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. आकडा त्याहून बराच खाली असेल तर ती गंभीर बाब आहे. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे, आणि पाहणीच्या वेळी कोणत्याही गरोदर बाईला या विषयाशी संबंधित प्रश्न विचारणे मी पूर्णपणे अनुचित मानते.

पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचे गुणोत्तर १,०२० आले तेव्हा भारतात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त झाल्या अशा बातम्या आल्या. तो आकडा नमुना कुटुंबांत मुलाखतीच्या आदल्या रात्री असलेल्या माणसांचा होता. कामानिमित्त बाहेरगावी, वसतिगृहात किंवा छावणीत असलेले पुरुष त्यात येत नाहीत. त्याच सर्वेक्षणात आधीच्या पाच वर्षांतील जन्मवेळचे गुणोत्तर ९२९ होते. एकाच अहवालातले हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. छेद कोण आहे हे विचारणे किती महत्त्वाचे आहे ते दिसेल.

साक्षरतेचा दर सात वर्षे आणि त्यापुढील लोकांवर काढतात, सगळ्या लोकसंख्येवर नाही. इंदूर जिल्ह्याचा २०११ चा दर ८०.८७ टक्के आहे.

अवलंबित्व गुणोत्तर म्हणजे मुले आणि वृद्ध मिळून किती, आणि त्यांना कमावत्या वयाच्या किती लोकांचा आधार. आपल्याकडे कमावते वय बहुधा १५ ते ५९ धरतात, तर आंतरराष्ट्रीय तक्त्यांत १५ ते ६४. दोन अहवालांची तुलना करण्याआधी ही मर्यादा तपासा.

घरोघरी वय विचारताना लोक पूर्णांकाकडे झुकतात. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास, साठ अशी वये तुमच्या यादीत भराभर वाढताना दिसतील आणि एकेचाळीस किंवा एकोणसाठ फारसे सापडणार नाही. अशा वेळी कागद मागा. कागद नसेल तर ठाऊक असलेल्या घटनेशी जोडून विचारा. ‘आजी, भोपाळची गॅस गळती झाली तेव्हा तुमचा मोठा मुलगा शाळेत जात होता का?’ असा प्रश्न केला की १९८४ च्या आधाराने आजीच्या आणि मुलाच्या वयाचा बराच नेमका अंदाज बांधता येतो.

५. जन्माशी संबंधित संज्ञा

ढोबळ जन्मदर म्हणजे वर्षभरातील जिवंत जन्म, भागिले वर्षाच्या मध्यावरची लोकसंख्या, गुणिले हजार. त्याला ढोबळ म्हणतात, कारण छेदात पुरुष, मुले, वृद्ध सगळेच असतात. २०२० च्या एसआरएसमध्ये देशाचा जन्मदर १९.५ होता.

एकूण जननदर ही वेगळी गोष्ट आहे. आजचे वयानुसार जननाचे प्रमाण तसेच राहिले तर एका स्त्रीला तिच्या जननक्षम वयात सरासरी किती मुले होतील, हे ती सांगते. पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढण्यासाठी हा दर साधारण २.१ लागतो, त्याला प्रतिस्थापन पातळी म्हणतात. देशाचा दर २०२० च्या एसआरएसमध्ये २.० होता. मध्य प्रदेशाचा दर मात्र त्याच एसआरएसमध्ये २.६ आणि पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.० दिसतो. दोन्ही संस्था प्रामाणिकपणे काम करतात. नमुना, काळ आणि विचारण्याची पद्धत वेगळी आहे. म्हणून एका तक्त्यात एका वर्षासाठी एक स्रोत आणि दुसऱ्या वर्षासाठी दुसरा घेऊन ‘जननदर इतका घसरला’ असे कधीही लिहू नका.

जननदर २.१ च्या खाली आला म्हणून लोकसंख्या लगेच थांबत नाही. आधी जन्मलेल्या मोठ्या पिढ्या आता आईवडील होण्याच्या वयात असतात, त्यामुळे काही दशके वाढ चालू राहते. याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात.

६. मृत्यूशी संबंधित संज्ञा

हा सगळा विषय माझ्या मते इथे सर्वांत जास्त काळजीने हाताळायला हवा, कारण इथला प्रत्येक अंश म्हणजे कोणाच्या तरी घरातले गेलेले माणूस असते.

ढोबळ मृत्युदराच्या छेदातही सगळी लोकसंख्या असते, आणि त्यामुळे तो फसवतो. २०२० च्या एसआरएसमध्ये केरळचा ढोबळ मृत्युदर देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होता. केरळची आरोग्यव्यवस्था वाईट आहे का? अजिबात नाही. २०११ मध्ये केरळात साठीपुढचे लोक १२.६ टक्के होते, देशात ८.६ टक्के. वृद्ध जास्त म्हणून मृत्यूंची संख्या जास्त. वयाची रचना वेगळी असलेल्या दोन ठिकाणांची तुलना करायची असेल तर वयानुसार मृत्युदर काढावेत किंवा वय-प्रमाणित मृत्युदर, म्हणजे दोन्हीकडची वयाची रचना सारखीच आहे असे धरून काढलेला दर, वापरावा.

अर्भक मृत्युदर म्हणजे एक वर्ष पूर्ण होण्याआधी दगावलेली बाळे, भागिले त्याच वर्षातील जिवंत जन्म, गुणिले हजार. इथे छेद लोकसंख्या नाही, जिवंत जन्म आहेत. हे एक वाक्य वहीत अधोरेखित करून ठेवा. २०२० मध्ये हा दर देशात २८, केरळात ६ आणि मध्य प्रदेशात ४३ होता. हा आकडा आपल्या राज्यात राहणाऱ्या प्रत्येकाने मनाला लावून घ्यावा असा आहे. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचा दर तो नवजात मृत्युदर; तो बाळंतपणातली काळजी, कमी वजन, जंतुसंसर्ग यांविषयी सांगतो. त्यानंतरचे मृत्यू अतिसार, न्यूमोनिया, कुपोषण यांच्याकडे जास्त बोट दाखवतात. कारण वेगळे, म्हणून उपायही वेगळा. पाच वर्षांखालील मृत्युदराचा छेदही जिवंत जन्मच असतो. हिंदी तक्त्यात ‘शिशु मृत्यु दर’ असेल तिथे आपला अर्भक मृत्युदर घ्या. मराठी वर्तमानपत्रे त्यालाच कधी बालमृत्यू दर म्हणतात, म्हणून नावापेक्षा वयाची मर्यादा वाचा.

बाळाने जन्मल्यावर एकदा जरी श्वास घेतला किंवा हृदयाचे ठोके पडले तरी तो जिवंत जन्म होतो. अशा बाळाची ‘मृत जन्मले’ म्हणून नोंद झाली तर ते अंशातूनही जाते आणि छेदातूनही. घरी विचारताना ‘बाळ रडले होते का, हालचाल केली होती का’ असे हळुवारपणे विचारावे, तेही आई बोलायला तयार असेल तरच. सासूबाई किंवा शेजारीण उत्तर देत असतील तर थांबावे आणि पुन्हा केव्हा येऊ असे विचारावे.

आता वॉर्डाच्या पातळीवरची एक मोठी अडचण. समजा, एका वॉर्डात वर्षभरात ४०० जिवंत जन्म झाले आणि ८ बाळे दगावली. दर २० आला. पुढच्या वर्षी तेवढ्याच जन्मांत १० दगावली तर दर २५ होतो, आणि ६ दगावली तर १५. दोनच मृत्यूंच्या फरकाने दर चौथ्या भागाने वरखाली होतो, आणि हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. अशा लहान भागांसाठी तीन ते पाच वर्षांचे जन्म आणि मृत्यू एकत्र करून दर काढावा, नाहीतर दर न काढता फक्त संख्या द्यावी.

माता मृत्यूंच्या बाबतीत सरकारी यंत्रणाही हेच करते. घटना तुलनेने विरळ असल्यामुळे एसआरएस तीन वर्षांची माहिती एकत्र करते आणि छेद एक लाख जिवंत जन्मांचा घेते. गरोदरपणात किंवा गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, त्या अवस्थेशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू यात मोजतात; अपघाती मृत्यू मोजत नाहीत. २०१८–२० मध्ये हे गुणोत्तर देशात ९७ आणि मध्य प्रदेशात १७३ होते. याला गुणोत्तर म्हणावे, दर म्हणू नये. १५ ते ४९ वयाच्या एक लाख स्त्रियांमागे काढलेला माता मृत्युदर हे वेगळे माप आहे.

मृत्यूच्या कारणांचे तक्ते वाचताना ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे कारण फार वेळा दिसेल. ते मरणाचे कारण नव्हे, मरणाची अवस्था आहे. हृदय शेवटी प्रत्येकाचेच थांबते. प्रमाणपत्रात मूळ कारण, म्हणजे ज्या आजाराने किंवा इजेने ही साखळी सुरू झाली ते, लिहिलेले असावे लागते. अशा अस्पष्ट नोंदी बऱ्याच असतील तर हृदयविकाराचे प्रमाण सांगण्याआधी त्या वेगळ्या काढा.

७. आजारांचे मोजमाप

ठरावीक काळात किती नवे रुग्ण झाले, हा नव्या रुग्णांचा दर. ठरावीक वेळी नवे आणि जुने मिळून किती रुग्ण आहेत, ते एकूण रुग्णांचे प्रमाण. पावसाळ्यानंतरच्या डेंग्यूसाठी पहिले माप उपयोगी, कारण रुग्ण काही दिवसांत बरा होतो. सिकलसेल हा जन्मभराचा आजार असल्यामुळे झाबुआ, अलिराजपूरच्या आदिवासी भागात दुसरे माप लागते. याच आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल इथून सुरू झाली. मधुमेहाचे उपचार सुधारून रुग्ण जास्त वर्षे जगू लागले तर नवे रुग्ण न वाढताही एकूण प्रमाण वाढते. ते वाढले म्हणजे परिस्थिती बिघडलीच, असे नसते.

रुग्ण-मृत्यू प्रमाणाचा छेद त्या आजाराचे रुग्ण असतात, तर त्या आजाराच्या मृत्युदराचा छेद सगळी लोकसंख्या. कोविडच्या काळात या दोन्हींची सरमिसळ सर्रास झाली. तपासण्या कमी झाल्या की सौम्य रुग्ण मोजलेच जात नाहीत, छेद आक्रसतो आणि आजार आहे त्याहून जास्त जीवघेणा दिसतो.

८. स्थलांतर

जनगणना स्थलांतर दोन प्रकारे मोजते : जन्मस्थानावरून आणि शेवटच्या निवासस्थानावरून. मातृभाषेवरून ते मोजता येत नाही, हे आपल्या समाजात विशेष सांगावे लागते. होळकरांच्या काळापासून इथे असलेल्या, रामबागेत किंवा नारायण बागेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या मराठी कुटुंबातला मुलगा स्थलांतरित नाही. त्याची पुण्याहून लग्न होऊन आलेली बायको मात्र आहे. स्त्रियांच्या स्थलांतरात विवाह हे देशभर सर्वांत मोठे कारण आहे, त्यामुळे रोजगारासाठीचे स्थलांतर पाहायचे असेल तर कारणांचा तक्ता वेगळा घ्या.

पीथमपूरच्या कारखान्यात रोज बसने जाणारा इंदूरकर स्थलांतरित नाही, तो दैनिक प्रवासी आहे. पीथमपूर धार जिल्ह्यात येते, म्हणून जिल्ह्याच्या तक्त्यांत त्याचे काम एकीकडे आणि घर दुसरीकडे दिसते. याउलट झाबुआ-अलिराजपूरहून बांधकामावर काही महिन्यांसाठी येणारी कुटुंबे अनेक यादींतून निसटतात, आणि लसीकरण चुकण्याचा धोका त्यांच्याच मुलांना जास्त असतो. वस्तीची पाहणी करताना आशा कार्यकर्तीला सोबत घ्या आणि बांधकामाच्या जागा मुद्दाम फिरा.

९. नकाशा आणि लेखन

रंगांच्या छटांचा नकाशा काढताना नेहमी दर किंवा टक्केवारी दाखवा, नुसती संख्या नको. नाहीतर मोठा वॉर्ड केवळ मोठा आहे म्हणून गडद दिसेल. रुग्णांची जागाच महत्त्वाची असेल तर ठिपक्यांचा नकाशा काढा. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात जॉन स्नो यांनी पटकीने झालेल्या मृत्यूंची ठिकाणे नकाशावर मांडली आणि एका पाण्याच्या पंपाभोवती त्यांची दाटी दिसली.

नकाशा आणि आरोग्य यांची सांगड इंदूरला नवी नाही. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी केलेला शहराचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात प्लेग, हिवताप, नद्यांची अवस्था आणि घरांची रचना यांचा एकत्र विचार होता. प्लेगविरुद्ध घरे स्वच्छ करायला लोकांना प्रवृत्त करण्यासाठी त्यांनी दिवाळीत मोठी मिरवणूक काढली होती आणि तिच्यात प्लेगच्या उंदराची भली थोरली प्रतिकृती होती. आज २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात आपले शहर अग्रस्थानी राहिले आहे आणि त्याचा अभिमान रास्त आहे. पण तो क्रमांक कचरा व्यवस्थापनाविषयी सांगतो. त्यावरून अतिसाराचा किंवा अर्भक मृत्यूचा दर ठरवता येत नाही, तो स्वतंत्रपणेच मोजावा लागतो.

अहवालातल्या प्रत्येक तक्त्याखाली स्रोत, वर्ष, भौगोलिक हद्द आणि छेद लिहा. ‘अर्भक मृत्युदर, मध्य प्रदेश, एसआरएस २०२०, दर हजार जिवंत जन्मांमागे’ एवढी एक ओळ पुरते. तात्पुरते आणि अंतिम आकडे मिसळू नका. २०११ च्या जनगणनेचे दोन्ही संच संकेतस्थळांवर फिरत असतात आणि त्यांत थोडा फरक आहे.

घरोघरी गोळा केलेल्या माहितीत नाव, घरक्रमांक आणि आजार एकाच कागदावर ठेवू नका. नावांची यादी वेगळ्या वहीत, कुलुपात, आणि प्रश्नावलीवर फक्त सांकेतिक क्रमांक असावा. एखाद्या गल्लीत क्षयरोगाचे एक-दोनच रुग्ण असतील तर त्या गल्लीचा आकडा छापू नका. शेजारच्या गल्ल्यांत मिळवून मोठ्या भागाचा द्या, कारण तिथल्या प्रत्येकाला ते घर कोणते हे लगेच कळते.